‘वाया जाणारी ऊर्जा’: अंगावरच्या यंत्रांचा एक हिशेब

(वरळी कोळीवाड्यात दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्नही दिले आहेत.)



माणसाच्या हालचालीतून वीज काढायची आणि तिच्यावर अंगावर घालायची यंत्रं चालवायची, असा आजचा विषय आहे. मनगटावरचा पट्टा, स्मार्ट घड्याळ, बुटातला सेन्सर, छातीवर लावायची ठोके मोजणारी पट्टी, ही सगळी त्यात आली. ही यंत्रं काय आहेत ते मी सांगणारच आहे. पण नुसती ओळख करून देऊन थांबणार नाही, कारण या विषयावर जे लिहिलं-बोललं जातं त्यात एक शब्दप्रयोग सगळ्यांचा फार लाडका आहे, आणि माझं भांडण त्याच्याशी आहे. तो म्हणजे ‘वाया जाणारी ऊर्जा’.

कुठलीही बातमी उघडा. माणूस चालतो, हात हलवतो, गुडघा वाकवतो, त्यात ऊर्जा ‘वाया जाते’. ती पकडली की घड्याळ चालेल, पट्टा चालेल, उद्या मोबाइलही चार्ज होईल. ऐकायला छान वाटतं. पण ती वाया जाते हे ठरवलं कुणी?

आधी साधा हिशेब मांडू. आपण दिवसाला साधारण २००० किलोकॅलरी अन्न खातो. त्याला दिवसाच्या सेकंदांनी भागलं तर सरासरी ९७ वॉट येतात. म्हणजे माणूस हा जवळजवळ १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब आहे. त्यातला मोठा भाग नुसतं जिवंत राहण्यात जातो: हृदय, मेंदू, यकृत, अंग गरम ठेवणं. उरलेल्यातून हालचाल होते. आणि स्नायूंची कार्यक्षमता बरीच मेहनत घेऊन पंचवीस टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे स्नायूने एक वॉटचं काम करायचं तर पोटातून चार वॉट जाळावे लागतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तुमच्यातल्या चाळिशीपुढच्या लोकांना सायकलचा डायनामो आठवत असेल. बाटलीसारखा, ६ व्होल्ट, ३ वॉटचा. अंधार पडला की तो टायरला टेकवायचा. दिवा लागायचा, आणि त्याच क्षणी पॅडल जड व्हायचं. ते जड होणं म्हणजेच दिव्याचं बिल. बिल पायांनी भरायचं. डायनामो वापरणारा कुणीही माणूस ‘फुकटची वीज’ असं म्हणाला नसता, कारण मांड्यांना कळत होतं. आजच्या यंत्रांचं बिल इतकं छोटं असतं की मांड्यांना कळत नाही. पण म्हणून ते नसतं असं नाही.

आता यातली यशाची गोष्ट सांगतो, कारण ती खरोखर यशाची आहे. ऑटोमॅटिक घड्याळ. अठराव्या शतकात पेरले नावाच्या स्विस कारागिराने खिशातल्या घड्याळासाठी ही युक्ती केली असं मानतात. १९२० च्या दशकात जॉन हारवुड या इंग्रज घड्याळजीने ती मनगटावर आणली. आत एक वजन असतं, हात हलला की ते डोलतं आणि स्प्रिंगला किल्ली बसते. आपल्याकडे एचएमटीची ‘जनता’ रोज किल्ली द्यायची, आणि ‘कांचन’ ऑटोमॅटिक होती. लग्नात जावयाला ‘कांचन’ द्यायची म्हणजे मोठी गोष्ट. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सायको कंपनीने पुढचं पाऊल टाकलं: डोलणाऱ्या वजनाने स्प्रिंगऐवजी एक चिमुकला जनित्र फिरवायचा आणि त्याच्यावर क्वार्ट्झ घड्याळ चालवायचं. रोजच्या वापरात त्यातून मिळायची किती वीज? सुमारे ५ मायक्रोवॉट. वॉटचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोवॉट.

एवढ्यात भागलं कसं? क्वार्ट्झ घड्याळातला बटणाएवढा सेल बघा. दोन-अडीच वर्षं चालतो. त्याची साठवण आणि हे तास यांचा भागाकार केला तर घड्याळाला साधारण २ मायक्रोवॉट लागतात. म्हणजे मिळकत पाच, खर्च दोन. संसार चालला. ते घड्याळ यशस्वी झालं कारण त्याने माणसाकडून फार काही मागितलंच नाही.

आता त्याच मनगटावर आजची यंत्रं बांधू. पावलं मोजणारा साधा पट्टा दोन आठवडे चालतो, त्याची बॅटरी बघितली तर सरासरी २ मिलिवॉट. घड्याळाच्या हजार पट. रंगीत पडद्याचं स्मार्ट घड्याळ रोज रात्री चार्जिंगला लावावं लागतं, त्याचं गणित ५० मिलिवॉटच्या आसपास जातं. साध्या घड्याळाच्या पंचवीस हजार पट. मनगट मात्र तेच आहे. हात तेवढाच हलतो. यंत्रांची भूक हजारांनी वाढली आणि हातांची हालचाल होती तेवढीच राहिली. बातमी लिहिणारा मात्र दोन्ही यंत्रं एकाच वाक्यात बसवतो.

मग वळूया पायांकडे. पायांत जास्त ताकद आहे. १९९६ साली अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या थॅड स्टार्नरने एक गाजलेला लेख लिहिला. त्यातला हिशेब सोपा आहे, तुम्ही घरी करू शकता. ६८ किलोचा माणूस, सेकंदाला दोन पावलं, प्रत्येक पावलाला टाच ५ सेंटिमीटर खाली येते. गुणाकार केला की ६७ वॉट. हा आकडा गेली जवळजवळ तीस वर्षं फिरतोय. स्टार्नरने स्वतः लगेच पुढे बजावलं होतं की एवढं सगळं काढायला गेलात तर चालणाऱ्यावर भार पडेल. पण आकडा फिरला आणि बजावणं मागे राहिलं.

५ सेंटिमीटर खाली जाणारा बूट म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. ओहोटीला ओल्या रेतीतून चालून बघा. पाऊल रुततं, रेती तुमची ऊर्जा खाते, आणि दहा मिनिटांत पोटऱ्या भरून येतात. ६७ वॉटचा बूट म्हणजे दिवसभर पायाखाली रेती घेऊन फिरणं. त्याच संस्थेत जोसेफ पॅराडिसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्षात बूट बनवला. तुमच्या गॅसच्या लायटरमध्ये जो पदार्थ असतो, दाबला की ठिणगी देणारा, त्या जातीचा पदार्थ टाचेखाली घातला. सोयीने चालता येईल असा बूट. त्यातून मिळाले सुमारे ८ मिलिवॉट. दोन्ही बुटांचे मिळून १७ धरा. कागदावर ६७ वॉट आणि पायात १७ मिलिवॉट: चार हजार पटींचा फरक!

कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा यांत काय फरक असतो, हे वरळीत वेगळं शिकवायला नको. कोस्टल रोडच्या दोन खांबांमध्ये ६० मीटरचा गाळा कागदावर पुरेसा होता. लाटेत, वाऱ्यात, जाळी घेऊन येणाऱ्या बोटीला तो पुरेसा नव्हता. तुम्ही भांडलात, आणि तो १२० मीटरवर आला. तिथे कागदाला समुद्राने तपासलं. विजेच्या आकड्यांनाही कुणीतरी तसंच तपासायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

त्या १७ मिलिवॉटवर मोबाइल चार्ज करायचा तर? आजच्या फोनची बॅटरी साधारण १९ वॉट-तासांची. भागाकार करा: अकराशे ते बाराशे तास चालावं लागेल. रोज आठ तास चाललात तरी जवळजवळ पाच महिने. आणि तोवर फोन बंद ठेवायचा.

आणखी एक चलाखी सांगतो. प्रयोगाच्या चित्रफितीत कुणीतरी तळहाताने एक पातळ पत्रा थापटतो आणि शंभर दिवे लुकलुकतात. २०१२ साली झोंग लिन वांग यांच्या गटाने घर्षणातून वीज काढायचं हे नवं तंत्र मांडलं. थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तेच तत्त्व. काम चांगलं आहे, माझी तक्रार त्याबद्दल नाही. तक्रार आहे ती क्षणाचा आकडा सरासरी म्हणून सांगण्याबद्दल. दाब होतो कमालीचा, पण क्षणभर, आणि प्रवाह नाममात्र. भरतीच्या टोकाला पाण्याची खोली मोजायची आणि खाडी नेहमी एवढीच खोल असते असं सांगायचं, असा हा प्रकार. त्या भरवशावर कुठला तांडेल बोट घालेल?

पण मी फक्त टीका करायला उभा नाही. या क्षेत्रात दोन प्रयोग असे झाले की ज्यांनी ‘वाया’ या शब्दाचा नीट विचार केला.

पहिला २००८ चा. मॅक्स डोनेलन आणि सहकारी, कॅनडात. त्यांनी विचारलं, चालताना स्नायू कुठे ब्रेक लावतात? पाय पुढे झोकला की शेवटी गुडघा थांबवावा लागतो. तिथे स्नायू काम करतात ते वेग मारण्यासाठी. आपल्या नव्या लोकलमध्ये ब्रेक लावताना मोटर उलटी वापरून वीज परत तारेत पाठवतात, तसंच त्यांनी गुडघ्याला केलं. दोन्ही पायांचे मिळून ५ वॉट मिळाले, आणि त्यासाठी शरीराला लागलेली जादाची ऊर्जा वॉटमागे एका वॉटहूनही कमी होती. चाराच्या हिशेबात हे फारच स्वस्त. इथे ‘वाया’ हा शब्द जवळजवळ खरा ठरतो. फक्त प्रत्येक पायाला १.६ किलोचं यंत्र बांधलेलं होतं, आणि ते ओझं घेऊन चालण्याचं बिल वेगळं.

दुसरा २००५ चा, लॉरेन्स रोम यांचा. पाठीवरची पिशवी चौकटीला स्प्रिंगवर टांगली. माणूस चालतो तसं ओझं वरखाली होतं, त्यातून वीज. ३८ किलोपर्यंतचं ओझं, आणि जास्तीत जास्त ७.४ वॉट. यामागे गृहीत असं की ओझं उसळतंच, मग ती उसळी वापरू.

इथे मला थांबायचंय, कारण हे गृहीत या वस्तीत टिकत नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर माशांची पाटी, आणि मावशी बाजाराकडे निघाली. पाटी उसळते का? पाणी भरलेलं भांडं असावं तशी ती सरळ रेषेत जाते. खाली पाय, कंबर, मान असं सगळं चालू असतं ते वर काही हलू नये म्हणून. १९८६ साली केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डोक्यावर किंवा पाठीवर स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत ओझं घेऊन चालताना त्यांना जादा ऊर्जा लागतच नव्हती. पुढे १९९५ मध्ये कारण सापडलं: ओझं आल्यावर त्यांची चाल लंबकासारखी अधिक काटकसरी होते. नवशिक्या माणसाला हे जमत नाही. हे वर्षानुवर्षांच्या कामातून अंगात मुरलेलं कौशल्य आहे.

आता सांगा, अशा बाईच्या पाटीखाली स्प्रिंग बसवून आपण कोणती ‘वाया जाणारी’ ऊर्जा गोळा करणार? तिने ती वाया जाऊच दिलेली नाही! तिच्याकडून वीज काढायची तर आधी तिची चाल बिघडवावी लागेल. हे मी तिच्या कष्टाचं कौतुक म्हणून सांगत नाही. ओझं ते ओझंच. त्यापेक्षा लगेजच्या डब्यात जागा आणि बाजारात सावली मिळाली तर तिला जास्त हवं असेल. मुद्दा शास्त्राचा आहे: कसबी शरीर आधीच हिशेबी असतं. ‘वाया जाणारी ऊर्जा’ दिसते ती बहुधा बघणाऱ्याला, काम करणाऱ्याला नाही.

आपल्याच राज्यात माणसाच्या ताकदीवर यंत्र चालवण्याचं एक महत्त्वाचं काम झालंय, त्याची या चर्चांमध्ये आठवण निघत नाही. नागपूरला प्रा. जे. पी. मोडक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलसारख्या बैठकीवरून फिरवायचं फ्लायव्हीलचं यंत्र विकसित केलं. माणूस मिनिटभर पॅडल मारतो, जड चाक वेग घेतं, मग क्लच जोडला की साठलेली ताकद काही सेकंदांत विटा बनवणाऱ्या यंत्राला मिळते. माणूस सलग देऊ शकतो जेमतेम ७५ वॉट, म्हणजे अश्वशक्तीचा दहावा भाग. यंत्राला क्षणभर लागते कित्येक अश्वशक्ती. दरी चाकाने भरून काढली. हे अंगावर घालायचं यंत्र नाही, हे मला कबूल. पण त्याचा प्रामाणिकपणा बघा. तिथे कुणी म्हणत नाही की ऊर्जा फुकट आहे. पॅडल मारणारा काम करतोय हे उघड दिसतं, तेव्हा त्याची मजुरी आणि विश्रांती हिशेबात येते. ‘वाया जाणारी ऊर्जा’ हा शब्द नेमका हा हिशेब पुसून टाकतो. जे वाया जात होतं, त्याचे पैसे कोण देणार?

आणि म्हणून शेवटचा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अंगावर घातलेलं यंत्र कुणाचं असतं? काही वर्षांपूर्वी नागपूर, चंडीगड, पंचकुला अशा शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली गेली. कोण कुठे किती वेळ उभा आहे हे कार्यालयात पडद्यावर दिसायला लागलं. कामगारांनी विरोधही केला. त्या घड्याळाची बॅटरी संपायची, ते चार्ज करायला लागायचं. आता कल्पना करा की तेच घड्याळ हालचालीवर चालतंय. झाडू मारला की चार्ज. जाहिरातीत लिहितील, ‘कधीही बंद पडत नाही’. हा गुण कुणासाठी? ज्याच्या मनगटावर आहे त्याच्यासाठी, की पडद्यासमोर बसलेल्यासाठी? बॅटरी संपणं ही गैरसोय खरीच, पण कधी कधी कामगाराच्या हातात यंत्र बंद होण्याचा तेवढाच एक मार्ग असतो. ज्याच्या घामावर यंत्र चालतं त्याला ते बंद करता आलं पाहिजे, हा नियम मला कार्यक्षमतेच्या टक्क्यांपेक्षा मोठा वाटतो.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा दिलेला आकडा क्षणाचा आहे की दिवसभराच्या सरासरीचा, हे बघा. आणि शरीर कुणाचं, यंत्र कुणाचं, हे विचारा. उत्तरं सरळ मिळाली तर बातमी चांगली आहे.

प्रश्न: सर, मग हे संशोधन थांबवावं असं तुमचं म्हणणं आहे का?

नाही, अजिबात नाही. ते योग्य जागी न्यावं असं म्हणणं आहे. पेसमेकरचं उदाहरण घ्या. त्याची बॅटरी संपली की पुन्हा शस्त्रक्रिया. यंत्राची भूक मायक्रोवॉटांतली, म्हणजे मनगटी घड्याळाच्या जातीची. २०१४ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संशोधकांनी ऑटोमॅटिक घड्याळाचीच यंत्रणा काढून डुकराच्या हृदयावर टाचली आणि ठोक्यांवर पेसमेकर चालवून दाखवला. हृदयाने एवढं देणं कितपत सुरक्षित, हे तपासायला वेळ लागेल, लागू दे. तिथे बॅटरी बदलण्याची किंमत इतकी मोठी आहे की काही मायक्रोवॉटांसाठी धडपड करणं योग्यच आहे.

प्रश्न: आमच्या मुलांना समुद्रावर घालायला काही उपयोगाचं आहे का यात? बोट तर सारखी हलतच असते.

चांगला प्रश्न आहे. बोट हलते ती समुद्राच्या जोरावर, खलाशाच्या जेवणावर नाही, म्हणून तिथे बिल खरंच दुसरा भरतो. पण जीव वाचवणारं यंत्र हालचालीवर अवलंबून ठेवू नका. माणूस पाण्यात पडला, थंडीने गारठला, हातपाय थांबले, तेव्हाच तर ते चालायला हवं. लाइफ जॅकेटवरचा दिवा बघा. त्यातल्या एका प्रकारात असा सेल असतो की खारं पाणी लागलं की तोच पेटतो. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे असा दिवा निदान आठ तास जळला पाहिजे. बनवणाऱ्याने विचार केला की संकटात या माणसाजवळ नक्की काय असेल? ताकद असेलच असं नाही. खारं पाणी मात्र असणारच. तेव्हा आधी जॅकेट घालायला लावा, आणि दिव्यावरची मुदतीची तारीख बघा. हालचालीवरच्या विजेचं नंतर बघू.